दारातली बाई

“हिला तोंड नाही,” मी म्हणालो.

तिनो चिंधीने ब्रश पुसत होता. त्याने वर पाहिलंही नाही. “नाहीच आहे.”

“नाहीच आहे म्हणजे? बाकीच्या अकरा जणांना नाक-डोळे काढलेस, मिशा काढल्यास, एकाच्या गालावरचा मससुद्धा सोडला नाहीस. आणि ही दारातली बाई तेवढी अंड्यासारखी गुळगुळीत?”

“ती तशीच राहू द्या, दोन वामन.”

“मग मी फ्रेम करणार नाही.”

आता त्याने वर पाहिलं. मी मुकाट्याने पट्टीचे नमुने उचलून कपाटात ठेवायला लागलो. माझी ही खोड त्याला माहीत होती. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की मी असाच नमुने आवरायला घेत असे.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. माझं फ्रेमचं दुकान तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये, मध्य अमेरिकेतल्या साल्वाडोर देशाच्या माणसांनी गजबजलेल्या एका गल्लीत होतं. आम्ही तारळेकर मूळचे मिरजेचे. वडील तिथे फोटोफ्रेमवाले. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो, ह्या तिन्हींवर आमचं घर चाललं. थोरल्या बहिणीने बोलावून घेतलं म्हणून मी अमेरिकेला आलो. पण हाताला दुसरं काही येत नव्हतं, तेव्हा इथेही पट्ट्या कापायला लागलो. वडिलांचे दोन-चार नियम मी जसेच्या तसे बरोबर आणले होते. त्यातला एक म्हणजे अर्धवट चित्राला फ्रेम करायची नाही. एकदा चौकट बसली की चित्र संपलं, त्यात पुन्हा कुणी हात घालू नये. आणि अपुरं चित्र चौकटीत कोंडलं तर घरात काहीतरी अपुरं राहतं, असं ते म्हणत. मी देवळात फारसा जाणारा नव्हे, पण हा नियम मी देवासारखा पाळला. लोक हसायचे. मी ऐकायचो नाही.

तिनोचं पूर्ण नाव सेलेस्तिनो आयाला. वय सव्वीस. ब्याऐंशीच्या दिवाळीत तो पहिल्यांदा दुकानात आला. खरं तर आला नाही, दारातच उभा राहिला. माझी बायको कुमुद रोज दुकानाच्या उंबऱ्याबाहेर रांगोळी काढायची, दिवाळीत जरा मोठी. हा उंच, हडकुळा माणूस रंगाने माखलेल्या कपड्यांत तिच्यापुढे उभा. आत यायचं तर रांगोळीवरून यावं लागणार, आणि पाय काही पुढे निघेना.

“या की आत,” कुमुद म्हणाली. “ओलांडून या.”

त्याला इंग्रजी येत नव्हतं, तिला स्पॅनिश. तो उकिडवा बसला. चिमटीतून रांगोळी कशी सोडतात ते त्याने तिच्याकडून करून घेतलं, मग स्वतः केलं. पहिल्याच खेपेला रेघ अशी सरळ सोडली की कुमुद माझ्याकडे बघून म्हणाली, “अहो, ह्याला जाऊ देऊ नका.”

त्याला काही जाऊ दिलं नाही. दिवसा तो घरांच्या भिंती रंगवायचा आणि पाचनंतर माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत चित्रं काढायचा. तो मला ‘दोन वामन’ म्हणे. त्यांच्याकडे मोठ्या माणसाच्या नावामागे ‘दोन’ लावतात. “एकच पुरेसा झालाय, दोन कुठे सांभाळू?” असं कुमुद आल्यागेल्याला सांगायची. तिला तो ‘निन्या कुमुद’ म्हणायचा. निन्या म्हणजे खरं तर लहान मुलगी, पण त्यांच्या देशात वयाने मोठ्या बाईला आदराने असंच म्हणतात. हे कळल्यावर पन्नाशीची कुमुद आठवडाभर खुशीत होती.

हळूहळू आम्ही एकमेकांच्या भाषेत लंगडत का होईना चालायला लागलो, तेव्हा त्याची हकीगत कळली. ज्वालामुखीच्या पायथ्याला, कॉफीच्या मळ्यांत त्यांचं गाव. आईबाप लहानपणीच वारले. त्याला आणि धाकट्या बहिणीला, आल्बाला, चाबेला नावाच्या मावशीने वाढवलं. ही चाबेला गालिचे करायची. गालिचे म्हणजे विणायचे नव्हेत. लाकडाचा भुसा रंगवून रस्त्यावर पसरायचा, त्याचीच फुलं, पक्षी, माणसं करायची. गुड फ्रायडेला येशूची मिरवणूक त्यावरून जाते. दोन दिवस कंबर मोडून करायचं आणि तासाभरात पायदळी. तिनो पाच वर्षांचा असल्यापासून भुसा चाळत होता. निळ्यासाठी नीळ, लालसाठी शेंदरीच्या बिया, तपकिरीसाठी कॉफीची टरफलं, करड्यासाठी राख. रंग कसा मिसळायचा, मुठीतून कसा सोडायचा, कुठे थांबायचं, हे सगळं त्याला चाबेलाने शिकवलं. चित्रकलेच्या शाळेचं दार त्याने कधी पाहिलं नाही. जे काही होतं ते ह्या एका बाईकडून आलेलं.

“पण तुझ्या माणसांना तोंडं का नसतात?” मी त्याला पहिल्याच वर्षी विचारलं होतं. कारण त्याची सगळी चित्रं तशीच असायची. झाडं, कोंबड्या, छपरं, सगळं रेखीव. माणसं मात्र बिनचेहऱ्याची.

तो हसला होता. “सवय. निन्या चाबेला म्हणायची, गालिच्यावर तोंड काढायचं नाही. लोक वरून चालतात. माणसाचं तोंड पायाखाली येऊ नये.”

कुमुदला हे फार पटलं. तीही रांगोळीत लक्ष्मीची पावलं काढायची, लक्ष्मी कधी काढायची नाही.

आता त्या अकरा जणांविषयी. गावातल्या मजुरांनी मिळून एक सहकारी सोसायटी काढली होती. मळ्याच्या मालकाला ते खपलं नाही. एक्क्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये भर दुपारी बंदूकवाले आले, सोसायटीच्या अकरा माणसांना देवळाच्या आवारात उभं केलं आणि मारलं. तिनो आणि आल्बा तेव्हा देवळात होते. तो आत भिंत रंगवत होता, ती त्याला जेवण घेऊन आली होती. आवाज झाल्याबरोबर आल्बाने भावाला मागे ढकललं आणि स्वतः बाजूच्या दारात उभी राहिली, दार अंगाने भरून टाकल्यासारखी. आत कुणी आहे हे दिसू नये म्हणून. तिच्या खांद्यावरून त्याने सगळं पाहिलं. मारणाऱ्यांपैकी कुणी त्या दाराकडे वळून बघितलं नाही. तिथे कुणी होतं हे त्यांना कधी कळलंच नाही.

पण तिनो सोसायटीच्या पाट्या रंगवायचा, त्याचं नाव यादीत होतं. तो पळाला, चालत, ट्रकमधून, नदीतून, आणि सीमा ओलांडून इथे आला. आल्बाचं नाव कुठेच नव्हतं, म्हणून ती मावशीपाशी राहिली.

इथे तो पकडला गेला आणि मार्चच्या चौदा तारखेला त्याची सुनावणी लागली. आसरा मिळाला तर राहायचं, नाहीतर विमानात बसवून परत. परत म्हणजे काय, ते गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. विमानतळावरून घरी न पोचलेल्यांची नावं आम्हाला तोंडपाठ होती. त्याची फुकट केस चालवणारी ग्रेस नावाची वकीलबाई सारखी म्हणायची, “पुरावा काय दाखवू? मृत्यूचे दाखले नाहीत, फोटो नाहीत. तू सांगतोस तेवढंच आहे.”

चित्राची कल्पना माझी. मी म्हटलं, तू काढ. अकराच्या अकरा जण नावनिशीवार काढ. जज्जाने बघितलं की त्याला नाही म्हणता येऊ नये.

तिनोने तीन आठवडे घेतले. प्लायवूडच्या फळीवर त्याने देवळाचं आवार काढलं. आयुष्यात पहिल्यांदा माणसांना तोंडं काढली. “हे कुणाच्या पायाखाली जाणार नाही, भिंतीवर लागणार आहे,” असं तो म्हणाला. मला वाटतं, स्वतःलाच बजावत होता. मी मागून बघायचो. गेलेल्या माणसांचे फोटो लावण्यात माझी हयात गेली, पण असे चेहरे मी पाहिले नव्हते. ते फोटोतल्यासारखे गेलेले वाटत नव्हते.

आणि त्यात ही एक बाई, दारात, बिनतोंडाची.

“का पण?” मी नमुने आवरता आवरता विचारलं.

“ती जिवंत आहे,” तिनो म्हणाला. “ते अकरा गेले. त्यांचं आता कोण काय करणार? आल्बा अजून तिथे आहे.”

“अरे, जज्ज काय तुझ्या गावचा आहे? लॉस एंजेलिसच्या कोर्टात तिला कोण ओळखणार? उलट तो विचारेल, साक्षीदार म्हणतोस तिलाच तोंड नाही, म्हणजे ही तू मनाने बनवलेली दिसते. एक माणूस अर्धवट ठेवलास तर सगळंच अर्धवट दिसतं.”

“अहो,” कुमुद आतून म्हणाली. ती गणपतीची तसबीर पुसत होती. “तो नको म्हणतोय तर कशाला त्याच्या मागे लागलाय?”

“तू ह्यात नाक खुपसू नकोस. हा कामाचा प्रश्न आहे.”

“कामाचा कसला? हट्टाचा आहे.”

मी ऐकलं नाही. तिनो बराच वेळ चित्राकडे बघत बसला. त्याची सुनावणी तोंडावर आली होती, जीव टांगणीला लागला होता, आणि ह्या देशात त्याला ‘काय करू?’ म्हणून विचारायला माझ्याखेरीज कोणी नव्हतं. हे मला माहीत होतं. त्याचाच मी फायदा घेतला, असं आज म्हणतो. तेव्हा म्हणालो नसतो.

त्याने बारीक ब्रश उचलला. पाऊण तासात तोंड झालं. रुंद कपाळ, एक भुवई किंचित वर, खालचा ओठ दातांत धरलेला. इतक्या झरझर काढलं की कुठे अडला नाही. बहिणीचा चेहरा त्याच्या हातात तयारच होता, तो फक्त अडवून धरला होता.

“झालं?” त्याने विचारलं.

“आता झालं,” मी म्हणालो, आणि अक्रोडाची उत्तम पट्टी काढली. चारही कोपरे असे जुळवले की नख शिरणार नाही. मागे दुकानाचं लेबल चिकटवलं.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. गल्लीत निघणाऱ्या स्पॅनिश साप्ताहिकाचा माणूस दुसऱ्या दिवशी चित्राचा फोटो घ्यायला येणार होता. मीच बोलावलं होतं. पेपरात आलं तर केसला वजन येईल, असं मी मनाशी म्हणत होतो. दुकानाचंही नाव येईल, हेही मनात होतं. तिनोला आयत्या वेळी सांगू म्हटलं. तो माणूस आला तेव्हा तिनो कुठल्याशा घराच्या भिंती रंगवत होता. मी चित्र दारात उजेडाला धरलं. फोटोवाल्याने जवळून दोन फोटो काढले.

शुक्रवारी अंक आला. अर्धं पान चित्र, खाली तिनोचं नाव, गावाचं नाव आणि ‘फ्रेम: तारळेकर’. मी चार अंक विकत घेतले. कुमुदने एक कातरून कॅलेंडरशेजारी लावला. तिला कौतुक वाटलं, कारण तिलाही मी सगळं सांगितलं नव्हतं.

तिनो संध्याकाळी आला. कात्रणापुढे उभा राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

“हा पेपर कुठे कुठे जातो, दोन वामन?”

“जातोय कुठे? ह्या चार गल्ल्यांत. दुसऱ्या दिवशी रद्दी.”

त्याने मान हलवली आणि आत जाऊन ब्रश धुवायला लागला. ब्रश स्वच्छच होते.

चौदा तारखेला मी दुकान बंद ठेवलं आणि कोटबिट घालून कोर्टात गेलो. चित्र मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसलो. जज्ज साठीचा, सभ्य, सर्दी झालेला माणूस होता. तिनोने दुभाष्यामार्फत सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ग्रेसने चित्र पुढे नेलं.

जज्जाने चष्मा लावून बघितलं. अर्धा मिनिट असेल.

“हे तुम्ही काढलं?”

“हो.”

“ही दारातली स्त्री कोण?”

“माझी बहीण. तिने पाहिलं.”

“ती इथे आहे?”

“नाही. गावी आहे.”

“चित्र चांगलं आहे,” जज्ज म्हणाला. “मी हे मनापासून म्हणतो. पण हे चित्र आहे. चित्रकाराला मनात येईल ते काढता येतं. ही माणसं खरोखर होती आणि ती अशी दिसत होती, हे मी कशावरून मानायचं?” त्याने रुमालाने नाक पुसलं. “पुरावा म्हणून मला हे धरता येणार नाही.”

अर्ज फेटाळला. ग्रेसने तिथल्या तिथे अपील केलं, त्यामुळे काही महिने मिळाले, इतकंच. परतताना बसमध्ये चित्र माझ्या मांडीवर होतं, आणि समोरच्या बाकावरची एक म्हातारी त्याच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी तिने छातीवर क्रूस केला. मी तिनोला म्हणालो, “बघ, हिला पटलं.” थट्टेची वेळ नव्हती ती, मलाही कळत होतं. पण मी गप्प बसलो असतो तर रडलो असतो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन्या मेचेस दुकानात आली. ‘दोन’चंच बाईमाणसासाठी ‘दोन्या’ होतं. ही बाई दर दोन महिन्यांनी साल्वाडोरला जायची. इथून कपडे, औषधं, रेडिओ न्यायची. तिकडून चीज, पत्रं आणि कॅसेट आणायची. लिहितावाचता न येणारी माणसं कॅसेटवर बोलून पाठवत. तिने पिशवीतून एक कॅसेट काढून तिनोच्या हातात ठेवली आणि नेहमीसारखी बसली नाही. “येते,” म्हणाली आणि गेली.

टेपरेकॉर्डर दुकानातच होता. तिनोने बटण दाबलं. मी उठायला लागलो, तर त्याने हाताने बसा म्हटलं. कुमुद दारात उभी राहिली.

चाबेलाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिची स्पॅनिश खेड्यातली, दात पडलेल्या तोंडातली. मला ती आमच्या मिरजेकडच्या बोलीतच ऐकू येत गेली, तशीच सांगतो.

“तिनो, पोरा, मी बोलतीया. शेजारच्या मास्तरनं यंत्र धरलंय. नीट ऐक. मला दुसऱ्यांदा सांगाय जमायचं न्हाई. आल्बाला न्हेलं. गुड फ्रायडेच्या आधीचा मंगळवार, दिवसाढवळ्या. चौघं आली हुती. एकाच्या हातात पेपरचा कागूद, चुरगाळलेला. मेचेसनं कुणाची तरी औषधाची बाटली त्यात गुंडाळून आणली हुती म्हनं. त्यानं कागूद माझ्याम्होरं धरला. म्हनला, ही दारातली कोन? मी म्हनलं, म्हातारीला कुठलं दिसतंय, बाबा. तर त्यो परड्यात गेला. आल्बा तितं भुसा चाळत बसली हुती, गालिच्याचा. त्यानं तिच्या तोंडाशेजारी कागूद धरला. एकदा कागदाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.”

टेप नुसती खरखरली. मग आवाज पुन्हा आला.

“लई सारखं हुतं, पोरा. हुबेहूब काढलंस. व्हट दातांत धरायची सवय तिची, ती सुदिक. तिनं आरडाओरडा केला न्हाई. चाळण खाली ठिवली, हात झाडलं आन् गेली. मी ठाण्यात जाऊन आले, छावणीत जाऊन आले. अशी कुनी बाई आमच्याकडं आलीच न्हाई म्हनत्यात.”

कुमुदने तोंडाला पदर लावला. तिनो टेपकडे बघत होता, जणू त्यात कुणीतरी बसलंय.

“आता एक सांगते, त्ये आधीच सांगाय पायजे हुतं. मी तुला म्हनायची, तोंड पायाखाली येऊ न्हाई. त्ये खोटं हुतं. पोराला भ्या वाटू न्हाई म्हनून रचलेलं. माझा बा चितारी हुता. देवळाच्या भिंतीवर त्यानं मिरवणूक काढली हुती, आन् मिरवणुकीत आपलीच मानसं. ह्यो सुतार, ह्यो पानीवाला, ह्यो माझा चुलता. लोकं लांबनं बगाय यायची, आपलं तोंड हुडकायची आन् हसायची. बत्तीस साली मजुरांनी दंगा केला. मग लष्कर आलं. त्यांना कुनाची नावं ठावं नव्हती. त्यांनी मळ्याच्या मुकादमाला त्या भिंतीम्होरं हुबा केला. त्यो एकेका तोंडावर बोट ठेवत गेला. मी नऊ वर्षांची हुते. दुसऱ्या दिशी आईनं त्या भिंतीला चुना दिला, पर तवर काय उरलं नव्हतं. तवाधरनं मी तोंड काढलं न्हाई. तुला खरं सांगितलं असतं तर तू ब्रशच धरला नसतास, म्हनून बोलले न्हाई. चूक माझी हाय. तू मनाला लावून घिऊ नगंस.”

टेप संपून बटण खट्कन वर आलं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ज्याने चष्मा लावून चित्र बघितलं त्याला ते खरं वाटलं नाही. ज्यांना ते खरं मानायचं होतं, त्यांनी चुरगाळलेल्या कागदावरून मानलं.

कुमुदने कॅलेंडरशेजारचं कात्रण काढलं, घडी केली आणि ते कुठे टाकावं हे न कळून हातातच धरून राहिली. ‘हट्टाचा आहे’ म्हणालेली ती बाई तेव्हा काहीही बोलू शकली असती, आणि मी ते ऐकून घेतलं असतं.

“दोन वामन,” तिनो म्हणाला. “पॉलिश पेपर द्या. बारीक.”

मी दिला. त्याने चित्र भिंतीवरून उतरवून बाकावर आडवं ठेवलं.

“फ्रेम काढू?” मी विचारलं.

“नको. नुसती धरा. हलू देऊ नका.”

मी दोन्ही हातांनी चौकट धरली. त्याने आल्बापासून सुरुवात केली. कागद गोल गोल फिरवत, हलक्या हाताने, मी त्याला लाकूड घासायला शिकवलं होतं तसं. आधी ओठ गेला, मग भुवई, मग डोळे. खालची लाकडाची पिवळी शीर दिसायला लागली. मग तो एकेका माणसाकडे गेला. मी म्हणालो, “अरे, ते तर गेलेलेच आहेत.” तो म्हणाला, “त्यांच्या बायका आहेत. पोरं त्यांच्यासारखी दिसतात.” गालावर मस असलेल्याला सगळ्यात वेळ लागला. बाकावर रंगीत भुसा साचला, निळा, लाल, तपकिरी. त्याने तो हाताने गोळा केला आणि मुठीत धरला.

“तू मला काहीतरी बोल,” मी म्हणालो. “शिव्या दे. पण बोल.”

“तुम्ही ब्रश धरला नव्हता,” तो म्हणाला. “मी धरला होता.”

त्याच्या मनात माझ्याविषयी राग होता की नव्हता, हे मला आजवर कळलेलं नाही. जूनमध्ये चर्चच्या लोकांनी त्याला कॅनडात पोचवलं. तिथे त्याला आसरा मिळाला. जाताना कुमुदच्या पाया पडला, मला हात दिला. चित्र न्यायला विसरला नव्हता, ठेवून गेला. आल्बाचा कधी पत्ता लागला नाही. चाबेला सत्त्याऐंशीत गेली.

पुढे तिनो मोठा चित्रकार झाला. खरंच मोठा. त्याची पुस्तकं निघाली. ती मी विकत घेतो. बिनचेहऱ्याच्या माणसांवर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. निर्वासितांची हरवलेली ओळख वगैरे. त्यातला एक शब्दही खोडून काढण्याची माझी लायकी नाही. त्याचं पत्र मात्र कधी आलं नाही. दर दिवाळीला कुमुदच्या नावाने एक कार्ड यायचं, त्यावर रांगोळी काढलेली असायची, मजकूर नसायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हापासून तेही बंद झालं.

गेल्या महिन्यात टोरांटोहून एका संग्रहालयातल्या मुलीचा फोन आला. त्याच्या सगळ्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवतायत. कुठल्याशा जुन्या वहीत माझं नाव सापडलं म्हणाली. सुरुवातीच्या काळातलं एक चित्र तुमच्याकडे आहे का? मी म्हटलं, आहे. फोटो पाठवला. तासाभरात पुन्हा फोन.

“विलक्षण आहे,” ती म्हणाली. “चेहरे घासून काढलेत, नाही? विशेषतः ती दारातली बाई. ह्यामागे काही कारण होतं का? तुम्हाला ते काही बोलले होते?”

मी खुर्चीत बसलो. चित्र समोरच होतं.

“हो,” मी म्हणालो. “त्यांच्याकडे भुशाचे गालिचे करतात. त्यावर माणसाचं तोंड काढत नाहीत. पायाखाली येऊ नये म्हणून. त्याची मावशी असं सांगायची.”

“किती सुंदर,” ती म्हणाली, आणि लिहून घेतलं.

मी फोन ठेवला. कुमुद आता नव्वदीच्या घरात आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, कान मात्र शाबूत आहेत.

“खोटं का सांगितलंत?” तिने आतून विचारलं.

“खरं सांगितलं असतं,” मी म्हणालो, “तर ते तोंड काढायला कुणी लावलं, तेही सांगावं लागलं असतं.”

पुढच्या आठवड्यात माणसं चित्र न्यायला येणार आहेत. काल मी ते उतरवलं आणि उलटं ठेवून पुसलं. चाळीस वर्षांत चौकटीचा एक कोपरा हललेला नाही. मागचं लेबल पिवळं पडलंय, पण नाव अजून वाचता येतं. ते खरवडून काढावं म्हणून मी पॉलिश पेपर हातात घेतला होता. मग परत ठेवून दिला.